फॅन बेल्ट ओरडतोय? नवा बेल्ट घालण्याआधी हे तपासा

सकाळी गाडी सुरू केली की बॉनेटखालून कर्कश 'चीं' येते, मिनिटभरात थांबते. एसी लावला की पुन्हा येते. गॅरेजमध्ये नेलं की बहुतेक ठिकाणी उत्तर ठरलेलं असतं: "बेल्ट गेलाय, बदलून टाकू." कधीकधी ते बरोबरही असतं. माझ्या गाडीत मात्र नवा बेल्ट घातल्यावर काही दिवसांतच तोच आवाज परत आला. दुसऱ्या गॅरेजवाल्याने आणखी एक बेल्ट सुचवला. शेवटी दोष निघाला टेन्शनरच्या, म्हणजे बेल्ट ताणून धरणाऱ्या पुलीच्या, बेरिंगमध्ये. आवाज बेल्टमधून येत असला तरी त्याचं कारण पुष्कळदा बेल्टच्या आसपास असतं आणि ते घरच्या घरी बऱ्यापैकी शोधता येतं. त्यासाठी मेकॅनिक असायची गरज नाही. थोडा वेळ काढावा लागतो आणि क्रम पाळावा लागतो.

आधी हा बेल्ट कोणता ते सांगतो. मेकॅनिक त्याला फॅन बेल्ट म्हणतात, बिलावर अल्टरनेटर बेल्ट किंवा ड्राइव्ह बेल्ट असं लिहिलेलं असतं. वस्तू तीच. इंजिनच्या एका बाजूला खाली क्रँकची पुली असते. ती फिरली की हा बेल्ट अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा भाग) आणि एसीचा कंप्रेसर फिरवतो, अनेक गाड्यांत वॉटर पंपही फिरवतो, आणि हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंग असलेल्या गाड्यांत स्टिअरिंगचा पंपही. हल्लीच्या बहुतेक छोट्या गाड्यांत स्टिअरिंग इलेक्ट्रिक असतं, तिथे हा पंप नसतो. काही गाड्यांत एकच लांब बेल्ट सगळं फिरवतो, काहींत दोन वेगळे बेल्ट असतात. टायमिंग बेल्ट ही पूर्ण वेगळी गोष्ट आहे. तो दातेरी असतो आणि प्लॅस्टिकच्या कव्हरखाली झाकलेला असतो. या लेखातलं काहीही त्याला लागू नाही, आणि ते कव्हर तुम्ही उघडूही नका.

काय काय लागेल

- चांगला टॉर्च. मोबाइलचा चालतो, पण पुल्यांच्या मागच्या फटीत त्याचा उजेड नीट पोचत नाही.
- स्प्रेची बाटली आणि साधं नळाचं पाणी
- लांब दांड्याचा स्क्रू-ड्रायव्हर किंवा मेकॅनिक वापरतात तो स्टेथोस्कोप
- स्टीलची सरळ पट्टी
- मल्टिमीटर, असला तर
- ओनर्स मॅन्युअल आणि मागची सर्व्हिसची बिलं. बेल्ट, टेन्शनर, अल्टरनेटर किंवा वॉटर पंप याआधी कधी बदलला होता, हे बिलात शोधून ठेवा. नुकतंच यातलं काही बदललं असेल आणि त्यानंतर आवाज सुरू झाला असेल, तर निम्मा तपास तिथेच झाला.

गाडी वॉरंटीत असेल तर फक्त पहिल्या चार पायऱ्या करा आणि पुढे सर्व्हिस सेंटरकडे न्या. काही खोललंत तर वॉरंटीवरून वाद होऊ शकतो.

हात घालण्याआधी

हा भाग वगळू नका. चालू इंजिनचा बेल्ट क्षणात बोट ओढून नेतो. ओढणी, साडीचा पदर, मफलर, गळ्यातली चेन, मोकळे केस, सैल बाह्या यांपैकी काहीही बॉनेटजवळ नको. गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक ओढा आणि न्यूट्रलमध्ये ठेवा. ऑटोमॅटिक गाडी पी मध्ये ठेवा. बेल्टला हात लावायचा असेल तेव्हा इंजिन बंद करा आणि किल्ली काढून खिशात ठेवा. पुश बटणाची गाडी असेल तर किल्ली गाडीपासून लांब ठेवा. सिग्नलला आपोआप बंद-चालू होणारं इंजिन असेल तर ती सोय आधी बटणाने बंद करा. रेडिएटरचा पंखा बहुतेक गाड्यांत इलेक्ट्रिक असतो. काही गाड्यांत इंजिन बंद केल्यावरही तो अचानक सुरू होतो, म्हणून तिकडे बोटं नेऊ नका. आणि गाडी बंद गॅरेजमध्ये किंवा बेसमेंटच्या कोपऱ्यात चालू ठेवून तपासू नका, धूर साचतो.

१. आवाज इंजिनच्याच बाजूचा आहे का

गाडी उभी असताना न्यूट्रलमध्ये हलकी रेस द्या. उभ्या गाडीत आवाज येत असेल आणि रेसबरोबर बदलत असेल, तर तो इंजिनच्या बाजूचा. फक्त गाडी चालतानाच येत असेल आणि ब्रेक दाबला की बदलत असेल, तर ब्रेक पॅड किंवा चाकाच्या बेरिंगकडे बघा. बेल्टचा तिथे संबंध नाही.

आता आवाजाचा पोत ऐका. याचे ढोबळ तीन प्रकार आहेत:

चिवचिव: छोटा, ठरावीक तालात येणारा. आयडलला, म्हणजे रेस न देता इंजिन चालू असताना, स्पष्ट ऐकू येतो आणि रेस वाढवली की हरवतो. हा बहुधा पुल्या एका रेषेत नसल्याचा.

लांब चीत्कार: 'चींऽऽ' असा ताणलेला. रेस दिली किंवा लोड आला की वाढतो. बेल्ट पुलीवर घसरतोय.

खरखर, घरघर किंवा कुरकुर: कोरडी आणि सतत चालू. बेरिंगचा संशय धरा.

मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा. गॅरेजमध्ये पोचेपर्यंत इंजिन गरम होतं आणि आवाज गायब होतो, हा जवळपास सगळ्यांचा अनुभव आहे. रेकॉर्डिंग नसेल तर "आत्ता तर काही नाही साहेब" एवढंच ऐकून परत यावं लागतं.

२. आवाज नक्की केव्हा येतो

हे कागदावर लिहा. थंड इंजिनवर सुरू करून एकेक लोड चढवा: आधी हेडलाइट आणि ब्लोअर पूर्ण, मग एसी, मग हायड्रॉलिक स्टिअरिंग असेल तर ते एका टोकापर्यंत फिरवा. टोकाला दाबून धरू नका, एक-दोन सेकंदांत सोडा.

दिवे आणि ब्लोअर लावल्यावर चीत्कार आला तर अल्टरनेटरवर बेल्ट घसरतोय. एसी लावताक्षणी आला तर कंप्रेसरचा भार बेल्टला पेलवत नाही. बेल्ट सैल असेल किंवा कंप्रेसरच जड फिरत असेल. स्टिअरिंग टोकाला नेल्यावर आला तर पंपाकडे बघा.

फक्त सकाळी सुरू करतानाच आवाज येत असेल तर आधी बॅटरी तपासा. सेल्फ मारल्यावर जेवढी बॅटरी उतरते तेवढी भरून काढायला अल्टरनेटर सुरुवातीची काही मिनिटं जोरात काम करतो, आणि तेव्हाच बेल्टवर जास्त ताण येतो. बॅटरी जुनी असेल तर हा ताण आणखी वाढतो. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर मल्टिमीटरवर १२.६ व्होल्टच्या आसपास यायला हवेत. १२.२ च्या खाली असेल तर बॅटरी निम्मी रिकामी आहे. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ दिसतात. काही नव्या गाड्या इंधन वाचवण्यासाठी चार्जिंग मुद्दाम कमी-जास्त करतात, तिथे हा आकडा थोडा खालीही दिसू शकतो.

पावसाळ्यात रात्रभर भिजलेल्या गाडीचा बेल्ट पहिल्या मिनिटभरात ओरडला आणि मग दिवसभर गप्प बसला, तर लगेच घाबरू नका. पण हीच गोष्ट कोरड्या दिवशीही होऊ लागली, तर ताण कमी झालाय असं समजा.

३. इंजिन बंद, टॉर्च सुरू

बेल्टची आतली बाजू, म्हणजे उभ्या पट्ट्यांची बाजू, जिथून दिसते तिथून बघा. पूर्ण बेल्ट बघायचा असेल तर एकेक तुकडा बघून, किल्ली लावून सेल्फ क्षणभर मारून पुढचा तुकडा समोर आणावा लागतो. प्रत्येक वेळी हात आणि टॉर्च बाहेर काढल्यावरच दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा.

काय शोधायचं? पट्टीचा तुकडा उडालेला, कडेचे धागे सुटलेले, काचेसारखी चमक, तेल किंवा कूलंटचा ओलावा. पुल्यांभोवती काळी पूड साचली असेल तर बेल्ट कुठेतरी घासतोय. एकाच कडेला झीज असेल तर पुली वाकडी असल्याचा संशय बळावतो. कोकणातल्या लाल मातीच्या रस्त्यांवर फिरणाऱ्या गाड्यांत खाचांमध्ये चिकटून सुकलेली माती आणि बारीक खडेही सापडतात. तेवढं कोरड्या ब्रशने साफ केल्यावर चिवचिव थांबल्याचंही पाहिलंय.

इथे एक मोठा गैरसमज आहे. "भेगा नाहीत, म्हणजे बेल्ट चांगला" हे जुन्या रबराच्या बेल्टला लागू होतं. आताचे बेल्ट ईपीडीएम नावाच्या रबराचे असतात, त्यांना सहसा भेगा पडत नाहीत. ते टायरसारखे झिजतात. नव्या बेल्टची खाच इंग्रजी व्ही अक्षरासारखी टोकदार असते आणि झिजल्यावर ती यू सारखी रुंद होते. मग पट्ट्या पुलीच्या खाचांत पूर्ण बसतात, तळ टेकतो आणि पकड जाते. दिसायला बेल्ट अगदी ठीकठाक. खाचेतून नख आडवं फिरवून बघा, आणि दुकानात नव्या बेल्टवरही तसंच फिरवून बघा. फरक लगेच कळतो.

या पायरीत वॉटर पंपही बघाच. पंपाच्या खाली एक छोटं भोक असतं. आतलं सील खराब झालं की कूलंट तिथून झिरपतं आणि सुकून हिरवट, गुलाबी किंवा पांढरट ओघळ उमटते. कूलंटचा रंग जो असेल तो. ओघळ पुलीपर्यंत पोचली असेल तर कूलंट बेल्टवर उडतंय, आणि नुसता बेल्ट बदलून तोही काही दिवसांत ओरडायला लागणार. आधी पंप, मग बेल्ट. इंजिन ऑइलची गळती वरून बेल्टवर येत असेल तर तिथेही हाच नियम.

४. पाण्याची चाचणी

सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत बोलकी चाचणी हीच. इंजिन आवाज करत असताना बेल्टच्या पट्ट्यांच्या बाजूवर स्प्रेने थोडं साधं पाणी मारा. हात बेल्टपासून लांब ठेवा, फवारा लांबूनच मारा. अल्टरनेटरवर आणि वायरिंगवर पाणी उडवू नका. गरम इंजिनवर बादलीभर पाणी ओतायचं नाही, दोन-तीन फवारे पुरतात.

मग ऐका:

आवाज काही सेकंद थांबला आणि मग परत आला, कदाचित जास्त जोरात: पुल्या एका रेषेत नाहीत. बेल्ट तिरका शिरतो तेव्हा पट्ट्यांच्या बाजू खाचेच्या भिंतीला घासतात. पाण्याने ती घासणारी जागा तेवढ्यापुरती निसरडी होते आणि चिवचिव थांबते.

पाणी पडताच आवाज वाढला: बेल्ट घसरतोय. आधीच कमी असलेली पकड पाण्याने आणखी कमी झाली. ताण, झीज, टेन्शनर किंवा जड फिरणारी एखादी पुली बघा.

काहीच फरक पडला नाही: आवाज बेल्टचा नाही, बेरिंगचा असण्याची शक्यता जास्त. पायरी सातकडे जा.

ही चाचणी एकदा थंड इंजिनवर आणि एकदा गरम इंजिनवर करा. दोन्ही वेळा एकच निकाल आला तर त्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

पाण्याऐवजी दुसरं काहीही मारू नका. डब्ल्यूडी-४०, खोबरेल तेल, साबण, मेणबत्ती, पावडर, बेल्ट ड्रेसिंगचा स्प्रे, यातल्या प्रत्येकाचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. आवाज दोन दिवस बंद होतो हे खरं आहे, आणि म्हणूनच लोक फसतात. तेल रबराला फुगवतं आणि पकड घालवतं, चिकट ड्रेसिंगवर धूळ बसते, आणि खरा दोष तोवर वाढत राहतो. आवाज हीच तुमच्याकडे असलेली एकमेव खूण आहे, ती पुसू नका.

५. ताण

आधी तुमच्या गाडीत ताण कसा दिला जातो ते बघा. अल्टरनेटर एका लांब खाचेच्या पट्टीवर बोल्टने आवळलेला असेल, तर ताण हाताने द्यायचा असतो. दोन पुल्यांमधल्या सगळ्यांत लांब तुकड्याच्या मधोमध अंगठ्याने जोरात दाबा. साधारण सेंटीमीटरभर दबला तर ठीक, नक्की आकडा तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला. खूप दबत असेल तर सैल आहे.

सैल म्हणून कचकचून आवळणं ही गॅरेजमध्ये सर्रास होणारी चूक आहे. आवाज बंद होतो, गिऱ्हाईक खूश होतं, आणि अल्टरनेटर व वॉटर पंपाची बेरिंगं काही महिन्यांत बोलायला लागतात. मेकॅनिक टॉमी (लोखंडी दांडा) लावून अल्टरनेटर ओढत असेल तर "दादा, एकदा दाबून बघू द्या" म्हणा आणि स्वतः दाबून बघा.

स्प्रिंगचा ऑटोमॅटिक टेन्शनर असेल तर दाबून बघण्यात अर्थ नाही. त्याच्या अंगावर अनेकदा दोन खुणा आणि एक टोक असतं. टोक खुणांच्या मध्ये हवं. बाहेर गेलं असेल तर बेल्ट लांबलाय, चुकीच्या लांबीचा आहे किंवा टेन्शनर थकलाय. आयडलला त्याचा दांडा किंचित थरथरतो, ते चालतं. मात्र सपासप पुढे-मागे होत असेल तर आतला डँपर, म्हणजे थरथर शोषणारा भाग, गेलाय.

काही गाड्यांत टेन्शनरच नसतो, बेल्टच लवचीक असतो. तो बसवायला खास टूल लागतं. स्क्रू-ड्रायव्हरने खेचून चढवला तर आतले धागे तुटतात, त्यामुळे अशा गाडीचं काम घरी नको.

६. पुल्या एका रेषेत आहेत का

स्टीलची पट्टी खाचा असलेल्या दोन पुल्यांच्या तोंडावर टेकवून बघा. एका अंशाचा तिरपेपणासुद्धा चिवचिव करायला पुरेसा असतो, आणि एक अंश म्हणजे १०० मिलिमीटर लांबीला पावणेदोन मिलिमीटर. डोळ्यांना हे सहसा दिसत नाही, म्हणून पट्टी. याची नेहमीची कारणं: अल्टरनेटर बदलताना वायसर राहिला, स्वस्तातली पुली बसवली, किंवा टेन्शनरचा बूश झिजून दांडा कलला. बेल्ट चढवताना एक खाच सोडून बसवला असेल, तरी हेच होतं. ते मात्र टॉर्चने सहज दिसतं: पुलीच्या एका कडेला खाच रिकामी आणि दुसऱ्या कडेला बेल्ट बाहेर.

क्रँकची पुलीही चालू इंजिनवर बाजूने बघा. तिच्यात रबराचा थर असतो. तो सुटला की पुली डुलते. डुलणारी पुली दिसली तर काम लांबणीवर टाकू नका.

७. बेरिंग

चालू इंजिनवर स्टेथोस्कोपचं टोक न फिरणाऱ्या भागावर टेकवा: अल्टरनेटरची बॉडी, वॉटर पंपाची बॉडी, टेन्शनर आणि आयडलर (बेल्टला नुसती वाट देणारी पुली) यांचा मधला बोल्ट. स्क्रू-ड्रायव्हर असेल तर त्याची मूठ कानामागच्या हाडाला टेकवा. चांगलं बेरिंग नुसतं गुणगुणतं. खराब झालेलं असेल तर वाळू घासल्यासारखा आवाज थेट कानात येतो, आणि एकदा ऐकला की पुन्हा चुकत नाही. हात स्थिर राहणार नसेल तर ही पायरी मेकॅनिकवर सोडा.

पक्की खात्री बेल्ट काढल्यावर होते. इंजिन पूर्ण थंड असताना, बेल्टच्या वाटेचा फोटो काढून घेऊन, बेल्ट उतरवा आणि इंजिन फक्त दहा-पंधरा सेकंद चालवा. बॅटरीचा दिवा लागेल, ते अपेक्षितच आहे. आवाज बंद झाला तर दोष बेल्टमध्ये किंवा त्याने फिरणाऱ्या एखाद्या भागातच. मग इंजिन बंद करून प्रत्येक पुली हाताने फिरवा आणि आत-बाहेर हलवून बघा. आयडलर फिरवल्यावर बराच वेळ सळसळत फिरत राहिला तर आतलं ग्रीस संपलंय. चांगला थोडासा जड, गुळगुळीत फिरतो आणि लवकर थांबतो. वॉटर पंपाच्या पुलीला किंचितही खेळ नको.

अनेक डिझेल गाड्यांच्या अल्टरनेटरला एकाच दिशेने पकडणारी पुली असते. ती अडकली की बेल्ट फडफडतो, टेन्शनर नाचतो आणि दोष टेन्शनरच्या माथी येतो. डिझेल गाडी असेल तर ही पुली मेकॅनिककडून आवर्जून तपासून घ्या.

गाडी कधी चालवायची नाही

बॅटरीचा दिवा आणि तापमानाचा काटा दोन्ही एकदम वर आले, तर बेल्ट तुटला असं समजून सुरक्षित जागी लगेच थांबा. वॉटर पंप याच बेल्टवर असेल तर घाटात "अजून दोन किलोमीटर" करण्याच्या नादात इंजिन तापून हेड गॅस्केट (इंजिनमधलं सील) जातं. हायड्रॉलिक स्टिअरिंगही त्याच क्षणी जड होतं, वळणावर त्याची तयारी ठेवा. बेल्टचे धागे सुटलेले दिसत असतील किंवा जळक्या रबराचा वास येत असेल, तर कसारा-ताम्हिणी सोडाच, गावातसुद्धा लांब जाऊ नका.

८. गॅरेजमध्ये आणि दुकानात

"आवाज येतोय" एवढंच सांगू नका. असं सांगा: "थंड इंजिनला येतो, एसी लावला की वाढतो, पाणी मारल्यावर आणखी वाढतो. टेन्शनर आणि आयडलर हाताने फिरवून दाखवा." एवढं ऐकलं की समोरचा माणूस वेगळ्या पद्धतीने काम करतो. बदललेला प्रत्येक जुना पार्ट परत मागा, आणि बिलावर पार्टचा नंबर लिहून घ्या.

बेल्टच्या पाठीवर ६पीके१२०० असा नंबर छापलेला असतो. पहिला आकडा पट्ट्यांचा, शेवटचा मिलिमीटरमधल्या लांबीचा. "हा थोडा मोठा आहे, पण बसतो" हे ऐकून घेऊ नका. गेट्स, काँटिटेक, फेनर यांचे बेल्ट सहज मिळतात, पण नकली मालही तितकाच सहज मिळतो, म्हणून ओळखीच्या दुकानातून बिलासकट घ्या. बेल्ट बदलताना टेन्शनर आणि आयडलर लाखभर किलोमीटर चाललेले असतील तर तेही बदलून घ्या. जुन्या टेन्शनरवर नवा बेल्ट टिकत नाही, आणि मजुरी दोनदा द्यावी लागते.

बसवण्याआधी पुल्यांच्या खाचा ब्रशने साफ करायला सांगा. बसवल्यावर इंजिन बंद असताना प्रत्येक पुलीवर सगळ्या पट्ट्या खाचेत आहेत ना, हे स्वतः टॉर्चने बघा. हाताने ताण द्यायचा बेल्ट असेल तर तो पहिल्या काही दिवसांत थोडा सैलावतो, म्हणून आठवड्याभराने पुन्हा अंगठ्याने दाबून बघा आणि गरज असेल तर तेवढाच आवळून घ्या.